डाव्या हाताचा दोर

त्या वर्षी विहिरींचं पाणी खाली गेलं आणि दोरवाल्याला बरे दिवस आले. ही गोष्ट उघडपणे बोलायची नसते, म्हणून तो बोलत नसे. कुणी अंगणात दोराचं वेटोळं टाकून "आणखी चार वाव वाढवून दे" म्हणालं की तो आधी आभाळाकडे बघायचा, चुकचुकायचा आणि मगच वेटोळ्याला हात घालायचा. दोन्ही हात ताणून पसरले की एक वाव होतो. गेल्या वर्षी ज्या विहिरीला नऊ वाव दोर पुरत होता तिला आता तेरा लागत होता. अख्खा नवा दोर घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, जो तो जुन्यालाच तुकडा जोडून न्यायचा. त्यामुळे दोरवाल्याला वळायचं काम होतं आणि सांधायचंही होतं. एकाचं वाईट दुसऱ्याच्या पथ्यावर पडतं, त्याला तो तरी काय करणार?

घराच्या मागं त्याची ऐंशी पावलांची वाट होती. निरुंद, सरळ, बापाआज्यांनी तुडवून दगडासारखी घट्ट केलेली. एका टोकाला खांबावर लाकडी चाक. दोरवाला कमरेला घायपाताचा वाख, म्हणजे पानं झोडून काढलेले धागे, गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि बोटांतून वाख सोडत उलटा चालायला लागायचा. चाक फिरवणाऱ्यानं फिरवत राहायचं, यानं मागं सरकत राहायचं. दोघांची चाल एक हवी. चाक घाईला आलं तर सुताला गाठी पडतात, रेंगाळलं तर सूत फुसकं निघतं.

चौदा वर्षं हे चाक त्याची लेक फिरवत होती. आठव्या वर्षी तिनं दांडा धरला तेव्हा तिला तो वरच्या फेरीत टाचा उचलून गाठावा लागायचा. पुढं वरच्या वर्गात गेल्यावर तिनं खांबाला खिळा ठोकला आणि त्याला पुस्तक टांगलं. उजव्या हातानं चाक, डोळे पुस्तकात. ऐंशी पावलांवरून बाप ओरडायचा, "पान उलटलंस ना?" पान उलटताना चाक निमिषभर अडखळायचं आणि ते त्याच्या बोटांना समजायचं. पोरीला याचं मोठं नवल वाटायचं. त्याला तिच्या पुस्तकाचा रागही नव्हता, उलट गावात तो मिरवायचा, की आमच्याकडं दोर वळताना धडे पाठ होतात.

एकुलती एक लेक. मुलगा असता तर, असं कुणी म्हणालंच तर तो म्हणायचा, चाकाला काय कळतंय कोण फिरवतंय ते. हिशेबाला पक्की, बोलायला खमकी, मापात एक वीतभर कुणाला जास्त जाऊ द्यायची नाही. तिच्या भरवशावर त्यानं बाजाराच्या गावात एक लहानसा गाळा घेऊन ठेवला होता. घरी आपण वळायचं आणि तिथं पोरीनं बसून विकायचं, असं त्यानं मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. पोरीला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

आणि मग टेकडीपलीकडच्या शाळेचं पत्र आलं.

एका खोलीची शाळा. एकतीस पोरं, त्यांतली निम्मी शेरडं राखणाऱ्यांची. हेडमास्तर एकटेच होते, त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. जागा कायमची नव्हती. नेमणूक त्यांच्या हातात आणि काढून टाकणंही त्यांच्याच हातात. पोरीनं पत्र वाचून दाखवलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. दोरवाला उठून चाकाला तेल द्यायला गेला. दुसऱ्या दिवशी वाख पिंजता पिंजता त्यानं विषय काढला. गाळ्याचं सांगितलं. दोन वर्षांत तिथं दुसरा गाळा होईल, म्हणाला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अप्पा, मला जायचंय."

त्याला तिचा जुना मास्तर आठवला. गावात बावीस वर्षं शिकवून तो माणूस म्हातारा झाला आणि एक दिवस पत्र आलं, की उद्यापासून येऊ नका. जाताना पेटीचं कुलूप मोडलेलं, म्हणून तो दोरवाल्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि हातभर दोराचा तुकडा मागितला. फुकट मागायला जीभ रेटत नव्हती, म्हणून आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलत बसला. दोरवाल्यानं चांगला दोन वाव दोर दिला, स्वतःच्या हातानं पेटी बांधून दिली. पण ते हवापाण्याचं बोलणं त्याच्या मनातून कधी गेलं नाही. शिकलेला माणूस, अख्ख्या गावाला अक्षर ओळखायला लावलेला, आणि दोराच्या तुकड्यासाठी शब्द शोधत होता. आपल्या पोरीवर ही पाळी यावी?

त्यानं हे सगळं तिला सांगितलं. दुसऱ्याच्या हातातली नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीचं जेवण, आज वाढलं, उद्या ताट ओढलं. इथं तुला ऊठ म्हणणारं कुणी नाही. आणि ती शेरडांमागची पोरं शिकून काय दिवे लावणार, पालथ्या घड्यावर पाणी.

पोरगी वाखाची पेंढी बांधत होती. म्हणाली, "चौदा वर्षं चाक फिरवलं, अप्पा. दोर चांगला होतो हे मला कळतं. पण चाक फिरवताना मला कुणी काही विचारत नाही, आणि मलाही कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. मागच्या महिन्यात एक दिवस त्या पोरांत जाऊन बसले. त्यांनी मला दिवसभर प्रश्न विचारले. परत आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते माझे."

"प्रश्नांनी पोट भरतं का?"

"नाही भरत," ती म्हणाली. "तरी जाते."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं तिच्या आईनं दोघांकडे बघून म्हटलं, आणि नेमकं कुणाला म्हटलं ते सांगितलं नाही. पोरगी गेली. टेकडी चढून उतरायला दोन तास लागायचे, म्हणून पलीकडच्या वस्तीत एका म्हातारीच्या घरात कोपरा घेतला. सुट्टीला घरी यायची. येताना आवाज बसलेला आणि बोटं खडूनं पांढरी, पण अंगात एक तरतरी असायची. बाप ती तरतरी बघायचा आणि वाखाच्या पेंढीकडं वळायचा.

चाकावर आता तिची आई आली.

आई डावखुरी. लहानपणी मार खाऊनही तिची डाव्या हाताची सवय मोडली नव्हती. चाक मात्र उजव्या अंगालाच फिरवायचं असतं. उजवीकडे फिरलं की दोराला उजवा पीळ पडतो, डावीकडे फिरलं की डावा. नुसता डाव्या पिळाचा दोर काही वाईट नसतो, वजन घेतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण उजव्या पिळाच्या जुन्या दोराला डाव्या पिळाचा तुकडा सांधला, तर वजन पडल्यावर ते दोघं एकमेकांना उसवायला लागतात. दहा वेळा पोहरा वर येईल, शंभर वेळा येईल, आणि सांधा कुणाला न कळता सैल होत राहील. म्हणून सांधण्याआधी दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवायचा, हा या घरचा नियम होता. दोरवाल्याच्या बापानं त्याला डोळे बांधून पीळ ओळखायला शिकवलं होतं. डोळ्यांनी पीळ बघणाऱ्याला तो शिकाऊ म्हणायचा. आणि लेकही तशीच तयार झाली होती.

पहिले काही दिवस दोरवाला ऐंशी पावलांवरून बायकोला ओरडून आठवण करायचा. ती निमूट उजव्या हातानं फिरवायची. पण दुपार कलली की तिचा खांदा भरून यायचा, मग ती चाकाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन डाव्या हातानं दांडा धरायची. तिला वाटायचं, चाक फिरतंय ना, झालं तर. ती चाकावर बसणारी नव्हतीच मुळी. तिचं काम वाख भिजवण्याचं आणि झोडण्याचं. आणि बायको कुठल्या बाजूला उभी आहे हे ऐंशी पावलांवरून, तेही उतरत्या उन्हात, दोरवाल्याला नीट दिसायचं नाही. दिसायची गरजही नव्हती. पूर्वी ते बोटांनीच समजलं असतं.

पण बोटं गेली होती. दोन वर्षांपूर्वी करंगळीपासून सुरुवात झाली, मग एकेक करत या उन्हाळ्यात अंगठ्यापर्यंत आलं. दुखत नव्हतं, काहीच होत नव्हतं. एकदा चहाचा गरम पेला धरून बसला तर बोटांना फोड आले आणि त्याला पत्ता नाही. बायकोनं विचारलं तेव्हा वाखाचा काटा लागला म्हणाला. सांधताना तो टोकांवरून अंगठा फिरवायचा खरा, पण तो नुसता फिरवायचा. ज्या हातांवर घर उभं आहे ते हात मेले, हे माणूस कुणाला आणि कसं सांगणार? डोळ्यांनी बघितलं असतं तरी भागलं असतं. पण बापाचं तोंड डोळ्यांसमोर यायचं.

असे दहा आठवडे गेले.

गावात विहिरी उपसणारा एक होता, त्याला सगळे बेडूक म्हणायचे. दोरवाल्याचा लहानपणापासूनचा सोबती. कमरेला दोर बांधून विहिरीत उतरायचं, गाळ काढायचा, कपार फोडायची, हा त्याचा धंदा, आणि आणखी एक धंदा म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवणं. दोरवाल्याला म्हणायचा, तू जन्मभर मागं मागं चाललास, मी जन्मभर खाली खाली गेलो, पुढं असा आपल्यातला कुणी गेलाच नाही. वरच्या आळीतली विहीर आटली तेव्हा बेडकाला बोलावलं. तिचा दोर दोनच आठवड्यांपूर्वी पाच वाव वाढवून दिलेला. सकाळपासून तो तीनदा उतरला आणि तीनदा वर आला. चौथ्या खेपेला वर येताना सांधा सुटला. वरच्या दोघांच्या हातात एकाएकी हलका दोर आला आणि ते पाठीवर पडले.

बेडूक जगला. पण खुबा आणि मांडी अशी मोडली, की हाड बसवणाऱ्यानं हात लावून लगेच काढून घेतला. पुन्हा उभा राहणार नाही, असं त्यानं बाहेर येऊन हलक्या आवाजात सांगितलं.

चौघांनी दोराची दोन्ही टोकं आणून दोरवाल्याच्या अंगणात टाकली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी हात उगारला नाही, नुसते उभे राहिले. दोरवाला टोकं हातात घेऊन बसला. उसवलेला वाख केसांसारखा पसरला होता. तेवढ्यात त्याची बायको पुढं आली, वाकली आणि तिनं दोन्ही टोकं शेजारी धरून बघितली. तिला डोळ्यांनी बघायची लाज नव्हती.

"चाक माझ्याकडं होतं," ती म्हणाली. "दुपारी खांदा धरतो म्हणून मी हात बदलते. हा तुकडा माझ्या डाव्या हाताचा आहे."

सगळ्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. तिनं तो पदराआड घेतला नाही, तसाच समोर धरून ठेवला. चाक कसंही फिरो, सांधा घालणारा मी होतो, तपासायचं काम माझं होतं, एवढंच दोरवाल्यानं बोलायचं होतं. तो मूग गिळून बसला. माणसं निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बाईच्या डाव्या हातानं बेडकाला विहिरीत घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी टेकडी उतरून आली. पायातली चप्पल तुटली होती ती हातात होती. आधी आईला जवळ घेऊन बसली. मग कोपऱ्यातली ती दोन टोकं उचलली आणि अंगठा फिरवला. एकावरून एकदा, दुसऱ्यावरून एकदा. मग तिनं बापाच्या हातांकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं आणि टोकं खाली ठेवली.

तिनं शाळेतून चार दिवस मागून घेतले होते. पण आईनं चाक धरल्यापासून किती सांधे घातले ते मोजलं तर सव्वीस निघाले. सव्वीस दोर, सव्वीस विहिरींवर, आणि रोज त्यांना पोहरे लटकलेले. तिनं हेडमास्तरांना चिठ्ठी पाठवली, की आणखी थोडे दिवस लागतील, आणि बापाला घेऊन बाहेर पडली.

एकेका विहिरीवर जायचं, दोर ओढून घ्यायचा, सांधा शोधायचा. ती अंगठा फिरवून "बरोबर" किंवा "उलटा" म्हणायची. उलटा असला तर तिथंच सांधा कापायचा आणि बरोबर आणलेला नवा तुकडा घालायचा. सव्वीसांत पाच उलटे निघाले. नव्या तुकड्यांसाठी रोज संध्याकाळी ती चाकावर बसायची आणि बाप मागं चालायचा. विहिरीवरची माणसं सरळ बोलायची नाहीत. एकीनं पोरीला विचारलं, मास्तरीणबाई, घरच्यांना डावं उजवं शिकवायचं राहिलं का? पोरीनं मान खाली घालून सांधा पुरा केला. त्याच दिवशी आई सार्वजनिक विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन परत आली. तिथल्या बायका म्हणाल्या होत्या, तू दोराला हात लावू नकोस, आम्हाला भीती वाटते. दोरवाल्यानं ती रिकामी कळशी बघितली. तेव्हाही बोलायला जागा होती.

बेडकाला बघायला तो एकटा गेला. बेडूक बाजेवर पडून होता, पाय फळीला बांधलेला. बाजेलाही दोरवाल्याचाच दोर होता. बेडकानं त्याला बसवून घेतलं आणि म्हणाला, विहिरीत पाणी असतं तर नुसता भिजलो असतो, पण आडातच नाही. मग हसायला गेला आणि कळ आली म्हणून थांबला. कळ ओसरल्यावर त्यानं हळूच विचारलं, "वहिनीचा हात उलटा, ते ठीक आहे. पण तुझ्या अंगठ्याला कळलं नाही?"

"घाईत होतो," दोरवाला म्हणाला.

बेडूक छताकडे बघत राहिला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी पोरगी एकटीच दोन विहिरींवर गेली होती. टेकडीपलीकडून येणारा दूधवाला दारात थांबला. हेडमास्तरांचा निरोप होता. सोमवारी तपासणीला साहेब येणार आहेत. शनिवारपर्यंत बाई हजर झाल्या तर ठीक, नाहीतर दुसरी एक तयार आहे, तिला जागेवर बसवावं लागेल. माझाही इलाज नाही, असं सांगायला सांगितलंय. दूधवाल्यानं निरोप दोनदा म्हणून दाखवला आणि विचारलं, सांगाल ना?

"सांगतो," दोरवाला म्हणाला.

तो सांगणार होता, यात खोटं नाही. दुपारी सांगू म्हणाला. दुपारी ती घामाघूम होऊन आली. संध्याकाळी सांगू म्हणाला. संध्याकाळी ती चाकावर बसली, हा मागं चालायला लागला, आणि कितीतरी दिवसांनी सूत एकसारखं सुटायला लागलं. बोटांना लागत नव्हतं, पण पावलांना कळत होतं. ऐंशी पावलं मागं जाईपर्यंत चाक एकदाही अडखळलं नाही. जेवताना आईच्या कशावर तरी ती हसली, घरात त्या आठवड्यातलं पहिलं हसू. आता नको, सकाळी, असं त्यानं ठरवलं.

शुक्रवारी त्याला वाटलं, आपण काही तिची नोकरी घालवत नाही. ती आपोआप गेली तर गेली. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. चार दिवस रडेल, मग गाळ्यावर बसेल, आणि म्हातारपणी कुणाच्या दारात हवापाण्याचं बोलत उभी राहणार नाही. बाप म्हणून एवढं करायचा आपल्याला हक्क आहे. हे त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की दिवस मावळला. शनिवारी तीन सांधे उरले होते. एका दिवसात झाले असते, पण त्यानं वाख ओला आहे म्हणून एक रविवारवर ढकलला. वाख ओला नव्हता. पोरीनं पेंढीला हात लावून बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली.

रविवारी शेवटचा सांधा झाला. सोमवारी उजाडताना तिनं पिशवी भरली. आईच्या खांद्याला तेल चोळून दिलं, उजव्या हातानंच फिरव, दुखलं की थांब, असं बजावलं. दोरवाला तिच्याबरोबर टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेला. वाटेत दोनदा त्यानं तोंड उघडलं. एकदा तिच्या चपलेच्या नव्या बंदाचं विचारलं आणि एकदा नुसता खोकला. पायथ्याशी ती म्हणाली, मागं फिरा आता, ऊन होईल. तो उभा राहिला. ती चढत चढत लहान होत गेली. अजून हाक ऐकू जाईल, अजून जाईल, असं म्हणता म्हणता ती दिसेनाशी झाली.

दिवसभर त्यानं कशाला हात लावला नाही. बायकोनं विचारलं, बरं नाही का? तो हो म्हणाला. तिसऱ्या प्रहरी उठून परत पायथ्याशी जाऊन बसला. इतक्या लवकर ती येणार नाही, कदाचित येणारच नाही, हेडमास्तर भला माणूस आहे, सांभाळून घेईल, असं तो स्वतःशी म्हणत होता. आणि आश्चर्य असं, की ते खरं व्हावं असं त्याला मनापासून वाटायला लागलं होतं. त्या एका दुपारी त्याला गाळा नको होता, धंदा नको होता. पोरगी आज परत येऊ नये, एवढंच हवं होतं.

उन्हं तिरपी झाली तेव्हा ती उतरताना दिसली. पिशवी तशीच भरलेली, आणि दुसऱ्या हातात पोरांच्या पाट्यांवर लिहायच्या खडूंचा तिनं स्वतः नेलेला डबा. जवळ आली तेव्हा डोळे कोरडे होते, चेहऱ्यावर वाटेची धूळ होती.

"दूधवाल्यानं तुम्हाला निरोप दिला होता?"

"दिला होता."

"कधी?"

"गुरुवारी."

तिनं डबा खाली ठेवला आणि दगडावर बसली. खोलीत दुसरी बाई होती, तिनं सांगितलं. चांगली आहे, पोरांवर ओरडत नव्हती. पोरं खिडकीतून हिच्याकडे बघत होती आणि ती बाई म्हणत होती, इकडं लक्ष द्या. हेडमास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, ते शेवटपर्यंत वळले नाहीत.

दोरवाल्याला बोलायचं होतं. तुझ्या भल्यासाठी केलं, हे शब्द त्याच्या तोंडात तयार होते, पण ते आता त्याचे त्यालाच ऐकवेनात. तो म्हणाला, "माझी बोटं गेलीत, पोरी. दोन वर्षं झाली. तो सांधा..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. एवढा उलटा पीळ तुमच्या अंगठ्याखालून गेला, म्हणजे अंगठाच नाही. म्हणून तर चाराचे दहा दिवस राहिले. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून रोज वाट बघत होते." मग ती म्हणाली, "माझं जाऊ द्या. आईला बोल का लावू दिलात?"

त्यानं पायाजवळचा खडा उचलला आणि परत तिथंच ठेवला.

ती उठली, डबा उचलला. "उद्या आधी बेडूककाकांकडं जायचं, मग सगळ्यांसमोर विहिरीवर. जे खरं आहे ते तुम्ही सांगायचं. मी शेजारी उभी राहीन. आणि यापुढं दोराला तुम्ही हात लावायचा नाही. वळणं मी, सांधणंही मी."

तो बरं म्हणाला आणि तिच्या मागून घराकडे चालायला लागला.

त्यानं सांगितलं. बेडकानं ऐकून तोंड भिंतीकडे केलं, आणि त्यानंतर त्याची टर कधी उडवली नाही, नुसतं या बसा म्हणायला लागला. विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या. आईची कळशी भरायला लागली, पण त्या दिवसानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची.

थंडी पडेपर्यंत बाजाराच्या गावातला गाळा चालू झाला. माल चोख, माप चोख, लोक लांबून यायला लागले. आठवड्यातले चार दिवस पोरगी घरी कमरेला वाख गुंडाळून मागं चालायची, आई सावकाश चाक फिरवायची, आणि उरलेले दिवस ती गाळ्यावर बसायची. दोरवाला पानं झोडायचा, पेंढ्या बांधायचा, ओझं बाजारात पोचवायचा. शिकाऊला देतात ती कामं.

एकदा तो ओझं उतरवून गाळ्याच्या कडेला बसला होता. टेकडीपलीकडची एक बाई शेरडांसाठी दावी घ्यायला आली. पोरीकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही आमच्या पोराला शिकवायचात ना? अजून नाव काढतो. का सोडलंत हो?"

पोरीनं दोन्ही हात पसरून दोर ताणला. एक वाव झाला, दोन झाले.

"घरचा धंदा आहे," ती म्हणाली. "तीन."

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला तो कितीतरी वर्षं थांबला होता. बाईनं दावी घेतली, पिशवीत भरली आणि जाता जाता कडेला बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणाली, अशी लेक मिळाली, नशीबवान आहात.

तो हो म्हणाला.